पाठीमागचे पैसे

"तिकीट खरं. डिंक खोटा." काल टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात माझं तिकीट तपासून जाणकारांनी भिंग खाली ठेवत एवढंच सांगितलं आणि म्हणाले, "पुढचे."

कोऱ्या जुन्या तिकिटाच्या पाठीवर मूळ डिंक शाबूत असेल, तिकीट अल्बममध्ये लावायच्या कागदी चिटोऱ्याचा, म्हणजे हिंजचा, डागही नसेल, तर भाव कैक पटींनी चढतो. म्हणजे अल्बममध्ये जी बाजू कुणी बघत नाही, तिचे पैसे. म्हणून काही हुशार लोक बोडक्या तिकिटांना नवा डिंक फासतात. आता, मुळात डिंक आधी लागतो, कडेचे दाते नंतर पडतात. त्यामुळे तुटलेल्या दात्यांचे तंतू मऊ राहतात. माझ्या तिकिटाचे दाते मात्र चार दिवसांच्या दाढीसारखे टोचत होते. मी महिनाभर पट्टीवर दोन सेंटिमीटरमागे दाते मोजत बसलो, पण बोट फिरवायचं सुचलं नाही.

रांगेत मागे एक काका होते. बायकोसोबत आलेले, तिकिटांशी संबंध शून्य.

"चिकटत नाही का?"

"चिकटतं हो."

"मग खोटा कसा?"

मी गप्प.

"नवा डिंक म्हणजे उलट जास्तच धरेल."

"काका, ते चिकटवायचं नसतं."

"तिकीट? चिकटवायचं नसतं?" त्यांनी मागच्या दोघांना साक्षीला घेतलं. "मग यांना डिंक हवाय कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी इतिहासात शिरलो. 1840 च्या पेनी ब्लॅकवर, म्हणजे ब्रिटनच्या पहिल्या, काळ्या टपाल तिकिटावर, लाल शिक्का मारायचे. तो पुसून लोक तिकीट पुन्हा वापरतील अशी धास्ती, म्हणून 1841 मध्ये तिकीट लाल केलं आणि शिक्का काळा.

"मग तुम्हीही धुवा की! डिंक गेला, भानगड मिटली."

चीड याचीच आली, की सल्ला बरोबर होता. धुतलं तर तिकीट प्रामाणिक होईल. आणि कवडीमोल.

जां द स्पेराती नावाच्या बहाद्दराची बनावट तिकिटं आज संग्राहक हौसेनं विकत घेतात. माझा डिंकवाला मात्र निनावी. खोटेपणातही आमच्या वाट्याला घराणं नाही!

विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, डिंक आहे असं लिहिलं होतं. कुणाचा, ते कुठे लिहिलं होतं?"

सकाळपासून वाटीभर पाणी समोर घेऊन बसलोय. काकांचं ऐकायचं जिवावर येतंय.