माचा, ग्रीन टीच्या पिशव्या आणि तपकिरी वॉफल: एका प्रतिक्रियेला उत्तर

माचा, म्हणजे ग्रीन टीच्या अख्ख्या पानांची बारीक हिरवी पूड, घातलेल्या वॉफलच्या लेखावर तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून ती जशीच्या तशी देते: ‘‘फोटोत हिरवा रंग घालून लोकांना फसवू नका. मी ग्रीन टीच्या पाच पिशव्या दुधात उकळून अगदी तसंच केलं, वॉफल तपकिरी आणि कडू झाले. माचा म्हणजे नुसतं मिरवणं. चमचा केवढा तेही लिहिलेलं नाही. नाशिकमध्ये सकाळी मिसळ असताना हे हवंय कोणाला?’’

‘माझे वॉफल बिघडले, का?’ एवढं विचारलं असतंत, तरी मी मनापासून उत्तर दिलं असतं. तुम्ही सुरुवातच ‘फसवू नका’ने केलीत. सात वर्षं हा ब्लॉग लिहिते आहे, एकाही पदार्थात फोटोसाठी वरून रंग घातलेला नाही. टीका करा, जरूर करा. पण समोरच्याला खोटं ठरवण्याआधी आपण नेमकं काय केलं ते तरी बघावं.

चमच्याचं तुमचं म्हणणं मान्य. मी ‘तीन चमचे माचा’ लिहिलं होतं, ‘चहाचे’ हा शब्द राहिला. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण 2 ग्रॅम माचा, तीन चमचे म्हणजे 6 ग्रॅम. कोणी पोह्याचा चमचा घेतला तर माचा दुपटीहून जास्त पडेल आणि वॉफल कडू होईल. चूक माझी, दुरुस्त केली आहे. पण तुम्ही माचा वापरलेलाच नाही, त्यामुळे तुमच्या कडूपणाशी या चमच्याचा काही संबंध नाही.

आता ‘अगदी तसंच’ या दोन शब्दांकडे येते. पिशव्या उकळणं आणि माचा घालणं यात तसंच असं काहीच नाही. पिशवीतल्या चहाचा अर्क उतरतो आणि पान आपण फेकून देतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि ते पाण्यात विरघळत नाही. दुधाच्या स्निग्धांशात थोडंफार उतरलं तरी बाकीचं सगळं त्या ओल्या पिशवीतच राहतं. म्हणून कपातली ग्रीन टी पिवळसर दिसते, हिरवीगार दिसत नाही. जे दुधात आलंच नाही ते वॉफलमध्ये कुठून येणार?

माचात अख्खं पान पोटात जातं. तोडणीआधीचे साधारण तीन आठवडे झुडपांवर सावली धरतात, त्यामुळे पानात हरितद्रव्य वाढतं आणि तुरटपणा कमी राहतो. मग पानं वाफवून, वाळवून, त्यांतले देठ आणि शिरा काढून दगडी जात्यावर दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम 30 ते 40 ग्रॅम पीठ पडतं. महाग आहे तो यामुळे. याला तुम्ही ‘मिरवणं’ म्हणता.

कडूपणा उकळण्यातून आला. ग्रीन टीला 70 ते 80 अंशांचं पाणी पुरतं. खळखळ उकळलं की तुरट-कडू द्रव्यं भराभर बाहेर पडतात. त्यात पिशव्या पाच! बऱ्याच पिशव्यांत लिंबाचा स्वाद किंवा तुळसही असते, तेही बघा. पिशवी फोडून चहा मिक्सरला फिरवायचा विचार असेल तर तोही सोडा. कितीही चाळलं तरी दाताखाली वाळूसारखं लागतं.

राहिला तपकिरी रंग. पालक झाकण ठेवून शिजवला की काळपट पडतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. आच आणि आंबटपणा मिळाले की हरितद्रव्यातला मॅग्नेशियम निघून जातो आणि हिरव्याचा शेवाळी-तपकिरी होतो. माचाचंही तेच. म्हणून या पिठात ताक किंवा दही घालायचं नाही, आणि साखर 25 ग्रॅमच्या वर न्यायची नाही, कारण जास्त साखर आधी करपते आणि हिरवा रंग झाकते. काही जण रंग टिकवायला खायचा सोडा घालतात. रंग टिकतो, पण हात जरा सैल पडला की साबणासारखी चव येते.

कोणालाच शंका राहू नये म्हणून मापं ग्रॅममध्ये देते. मैदा 125, कॉर्नफ्लॉर 15, माचा 6, पिठीसाखर 25, बेकिंग पावडर 5 ग्रॅम, चिमूटभर मीठ, एक अंडं, दूध 190 मिली, वितळवलेलं लोणी 40 ग्रॅम. माचा बारीक चाळणीतून गाळूनच घ्या, त्याच्या गुठळ्या नंतर फुटत नाहीत. आधी दोन चमचे कोमट दुधात त्याची पेस्ट करा, मग बाकीचं दूध, अंडं, लोणी आणि शेवटी कोरडं साहित्य. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत फ्रिजमधलं दूध थेट ओतलंत तर लोण्याचे कण गोठतात आणि पीठ फाटल्यासारखं दिसतं, तेव्हा दूध तासभर आधी बाहेर काढा. पीठ फेटत बसू नका. बारीक गाठी राहिल्या तरी चालतील, जास्त फेटलं की वॉफल चिवट होतो. दहा मिनिटं झाकून ठेवा.

वॉफल मेकरचा दिवा तयार असल्याचं दाखवतो तेव्हा वरचा पत्रा तापलेला असतो, आतली जाड धातू अजून पुरती तापायची असते. आणखी तीन मिनिटं थांबा, ब्रशने तेल फिरवा, पीठ ओता आणि आच मध्यम ठेवा. पहिली तीन मिनिटं झाकण उघडायचं नाही. घाई केलीत तर वॉफलचे दोन पापुद्रे होऊन एक वर, एक खाली चिकटतो. कडेची वाफ जवळजवळ थांबली की झाला. काढून जाळीवर ठेवा. ताटात एकावर एक रचले की आपल्याच वाफेने मऊ पडतात.

उंचवट्यांवर सोनेरी झाक येणारच, भाजल्यावर कोणताही वॉफल तसाच दिसतो. हिरवा दिसतो तो मोडल्यावर. माझा फोटो मोडलेल्या वॉफलचा आहे, नीट बघितलात तर कळलं असतं. सोबत मध आणि मोसमात इथली द्राक्षं अर्धी चिरून द्या, किंवा सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी. फक्त वरून लिंबू पिळू नका.

मिसळीबद्दल काय बोलू? मिसळही खा, वॉफलही खा. हा विषय तुम्ही आणलात, माझ्या लेखात तो कुठेच नव्हता.

मूळ लेखात चमच्यांच्या जागी ग्रॅम घातले आहेत. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण त्यातलं ‘फसवू नका’ हे तुम्ही स्वतः मागे घ्यावं, एवढं माझं म्हणणं आहे.