‘नको वाटलं तर काढून टाका’ म्हणणाऱ्यांना

तुळशीचं लग्न झालं की नौपाड्यातल्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून फिरतो. ‘पोर्सलेन व्हिनिअर! दाताला धक्का नाही, दोन भेटींत काम, कीड लागत नाही, आयुष्यभर टिकतात, नको वाटलं तर काढून टाका.’ यंदा तो माझ्या धाकट्या आत्तेभावाने टाकला. मुलीच्या लग्नात फोटोत हसायचंय म्हणे. खाली माझ्यासाठी प्रश्न : ‘दादा, हे तुझंच काम ना?’

माझंच. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा. ठाण्यातल्या एका डेंटल लॅबमध्ये बावीस वर्षं मी पोर्सलेनचे दात घडवतोय. डॉक्टर नाही मी. पण दातांचं माप माझ्या टेबलावर येतं आणि फसलेलं कामही तिथेच परत येतं.

दाताला धक्का नाही, हे मोजक्याच तोंडांपुरतं खरं. दात मुळात बारके असले किंवा मधे फटी असल्या, तर जवळजवळ न घासता काम होतं. एरवी व्हिनिअर ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे नखाएवढं. तेवढी जागा दात घासूनच करावी लागते. ती न करता नुसतं वर चिकटवलं तर दात पुढे आल्यासारखे दिसतात, हिरडीपाशी कंगोरा राहतो, तिथे अन्न साचून हिरडी सुजते. आणि जास्त घासलं तर त्याहून वाईट. एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं टणक कवच, हिरडीजवळ जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. ते संपलं की डेंटिन, म्हणजे त्याखालचा मऊ थर, उघडं पडतं. सगळी पकड तर एनॅमलवर. आम्ल लावून एनॅमल खरखरीत केलं की त्यावर रेझिन (चिकटवायचं मटेरियल) घट्ट धरतं, हे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवलं आणि त्याच पायावर आजही व्हिनिअर बसतं. डेंटिनवर तसा भरवसा नाही. शिवाय दात शिवशिवतो तो वेगळाच.

कधी कधी मापात चांगला वाकडा दात असतो आणि सोबत चिठ्ठी : ‘सरळ करून द्या.’ मी देतो, पोटासाठी. पण तो सरळ दिसावा म्हणून आधी तासलेला असतो, कधी पार नसेच्या जवळ. तिथे ब्रेसेसनेच काम व्हायला हवं होतं.

काढून टाका म्हणणाऱ्याने बहुधा टिकली डोळ्यांसमोर ठेवलीय. व्हिनिअर सहसा ड्रिलने तासूनच काढावं लागतं, आणि घासलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपतात. मग पुढे व्हिनिअर किंवा कॅप, काहीतरी बसवणं आलंच. म्हणून आधी मॉकअप मागा. मेणाचा नमुना आम्ही करतो, डॉक्टर त्यावरून तात्पुरतं मटेरियल न घासलेल्या दातांवर चढवतात. आरशात बघा, ‘वाफ’ म्हणा, ‘फार’ म्हणा. ओठाला दात अडला तर लांबी चुकलीय, आणि ती अजून फुकटात बदलता येते.

दोन भेटींत काम उरकतं, पण घाई रंगाला महागात पडते. पोर्सलेनवर ब्लीच चालत नाही. शेजारचे दात उजळायचे असतील तर ते आधी, आणि मग साधारण दोन आठवडे थांबायचं. ताज्या ब्लीचवर रेझिनची पकड कमी पडते, रंगही स्थिर झालेला नसतो.

कीड पोर्सलेनला लागत नाही, कबूल. व्हिनिअरच्या कडेला उघड्या राहिलेल्या दाताला लागते. रोज ब्रश आणि फ्लॉस हवाच, आणि मिश्री लावणाऱ्यांनी आधी मिश्री सोडावी. एक बारकी गोष्ट पेशंटला सहसा कोणी सांगत नाही : आम्लयुक्त फ्लोराइड जेल पोर्सलेनची चकाकी खातं. फ्लोराइड लावताना ‘माझे व्हिनिअर आहेत’ एवढं डॉक्टरांना सांगा, ते न्यूट्रल, म्हणजे बिनआम्लाचं, वापरतील.

आयुष्यभर? चांगलं काम दहा-पंधरा वर्षं जातं, काही त्याहून जास्त. सुपारी फोडणं, ऊस सोलणं, दोरा तोडणं ही कामं मात्र त्या दातांची नव्हेत. सर्वांत जास्त टवके मी पाहिलेत ते झोपेत दात खाणाऱ्यांचे. त्यांना रोज रात्री नाईट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं संरक्षक कव्हर, घालावंच लागतं.

हे सगळं टाइप करून मी आत्तेभावाला ग्रुपवरच विचारलं, ‘झोपेत दात खातोस का?’

‘छे!’ तो म्हणाला.

खाली लगेच त्याच्या बायकोचं उत्तर आलं : ‘दादा, वीस वर्षं झाली, मी कानात कापूस घालून झोपते.’