ब्युरेट हातात कोणाच्या?

एखादी कृती कशी करायची हे माहीत असणे आणि ती करता येणे, या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचा सर्वांत ठसठशीत पुरावा हेन्री मोलेसन नावाच्या अमेरिकन माणसाकडून मिळाला. अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून १९५३ मध्ये, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्ड येथील शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही आतला भाग, हिप्पोकॅम्पसच्या मोठ्या हिश्श्यासह, काढून टाकला. झटके कमी झाले. परंतु नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती कायमची गेली.

माँट्रियलच्या ब्रेंडा मिलनर यांनी त्याला एक काम दिले. दुहेरी रेषांनी काढलेल्या चांदणीच्या मधल्या अरुंद पट्टीतून पेन्सिल फिरवायची, मात्र कागद आणि स्वतःचा हात फक्त आरशात पाहायचा. करून पाहिल्याखेरीज यातली अडचण समजत नाही, कारण पेन्सिल हमखास उलट्या दिशेला जाते. हेन्रीच्या चुका तीन दिवसांत कमी होत गेल्या, आणि तरीही दर दिवशी त्याला हे काम नवेच वाटत होते. सराव केल्याची आठवण नाही आणि सरावाचे फळ मात्र हातात आहे, अशी ही अवस्था होती. (२००८ मध्ये त्याचे निधन होईपर्यंत संशोधनपर लेखनात तो केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखला जात असे.)

हातांची कौशल्ये घडण्यात बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके) आणि अनुमस्तिष्क (मेंदूच्या मागे, खालच्या बाजूचा भाग) यांचा मोठा वाटा असतो. आकाराने लहान असलेल्या या अनुमस्तिष्कात मेंदूच्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळजवळ ६९ अब्ज सामावलेल्या आहेत. त्याच्या कार्याविषयीच्या प्रचलित सिद्धांतानुसार, हालचाल योजली होती तशी झाली नाही की विशिष्ट तंतूंवाटे चूक झाल्याचा संकेत तेथील पुर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशींपर्यंत पोचतो आणि त्या क्षणी कार्यरत असलेले पेशींमधले काही जोड दुबळे होतात. पुढच्या खेपेला हालचाल थोडी सुधारलेली असते. साहजिकच, ज्याच्या हातून काही घडलेच नाही, त्याच्या अनुमस्तिष्काला दुरुस्त करण्याजोगे काही मिळत नाही.

हे सर्व मी रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून लिहीत आहे. बारावीच्या प्रयोगशाळेतले पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून किती लागले ते मोजणे. ब्युरेटचा, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या काचनळीचा, कॉक (तोटी) एका हाताने किंचित उघडा ठेवून दुसऱ्या हाताने कॉनिकल फ्लास्क हलवत राहायचे, आणि फिकट गुलाबी रंग टिकून राहिला की थांबायचे. एखादा थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. नेमक्या त्या जास्त पडलेल्या थेंबातून कॉकवरचा हात बसतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चौघांच्या गटात एक जण टायट्रेशन करतो, उरलेले तिघे सी.बी.आर. (ब्युरेटचे जुळून आलेले स्थिर रीडिंग) उतरवून घेतात, आणि चारही जर्नलांमध्ये तीन-तीन एकसारखी रीडिंग्ज सुवाच्य अक्षरात उमटतात. कृतीच्या पायऱ्या मात्र चौघांनाही तोंडपाठ असतात. त्या तिघांची स्थिती हेन्रीच्या बरोबर उलट आहे: प्रयोग आठवतो, करता येत नाही. आणि ३० गुणांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत जर्नल आणि तोंडी प्रश्न त्यांना बऱ्यापैकी तारून नेतात, त्यामुळे तक्रार कोणाचीच नसते.

‘करून घेतो’ म्हणणारे शिक्षकही पुष्कळदा एकच प्रयोग, त्याच तीव्रतेच्या द्रावणावर, सलग तीन वेळा करून घेतात. १९७८ मध्ये केर आणि बूथ यांनी आठ वर्षांच्या मुलांना लक्ष्यावर लहान पिशव्या फेकायला लावल्या होत्या. एका गटाने ३ फुटांवरूनच सराव केला, दुसऱ्याने २ आणि ४ फुटांवरून. पुढे ३ फुटांवरून परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट सरस ठरला. लहान मुलांच्या या प्रयोगावरून टायट्रेशनचे नियम काढणे घाईचे होईल हे मला मान्य आहे, परंतु द्रावणाची तीव्रता दर वेळी बदलली तर विद्यार्थ्याला आधीचा आकडा गृहीत धरता येत नाही आणि रंगाकडे पाहावेच लागते, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

तुकडीत विद्यार्थी फार आणि ब्युरेट कमी, ही अडचण खोटी नाही. पण कॉकवर हात बसवायला परमँगनेट लागत नाही. नळाचे पाणी आणि एक बीकर घेऊन एकेक थेंब सोडण्याचा दहा मिनिटांचा सराव निरनिराळ्या दिवशी आळीपाळीने प्रत्येकाला देता येतो. एकाच दिवशी तासभर देण्यापेक्षा असा विभागलेला सराव अधिक टिकतो. जर्नलमध्ये फसलेले पहिले रीडिंग न खोडता ठेवायला सांगावे आणि त्याला गुण द्यावेत, अशी माझी सूचना आहे. आमच्या स्टाफरूममध्ये ती अद्याप कोणाला फारशी पटलेली नाही. तपासायला वेळ जास्त लागेल, एवढाच आक्षेप आहे, आणि तो खरा आहे.