खुलासा: डीपीआय १६,००० केल्याने नेम सुधारत नाही

काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट अशा नेमबाजीच्या गेमच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'माउसचा डीपीआय १६,००० करा, काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंट दोन्हींत सेन्सिटिव्हिटी १ ठेवा, नेम आपोआप अचूक होईल.' हे चुकीचं आहे.

माउस एक इंच सरकल्यावर किती नोंदी पाठवतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. गेम त्याला सेन्सिटिव्हिटीने, म्हणजे गेमच्या सेटिंगमधल्या वेगाच्या आकड्याने, गुणतो आणि हाताला जाणवतो तो हा गुणाकार. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना प्रत्येक नोंदीला नजर ०.०२२ अंश वळते. म्हणजे ८०० डीपीआयवर गेममध्ये पूर्ण गिरकी (३६० अंश) घ्यायला माउस सुमारे ५२ सेंटीमीटर सरकवावा लागतो. डीपीआय ४०० आणि सेन्सिटिव्हिटी २ ठेवली तरी तितकेच. १६,००० वर मात्र फक्त २.६ सेंटीमीटर! एवढ्याशा जागेत नेम धरणं कुठल्याही मनगटाला अवघडच. जास्त डीपीआय मुळात वाईट नाही, पण सेन्सिटिव्हिटी त्याच प्रमाणात उतरवावी लागते.

व्हॅलोरंटमध्ये हाच कोन ०.०७ अंश आहे. त्यामुळे काउंटर-स्ट्राइकची सेन्सिटिव्हिटी तिकडे नेताना ३.१८ने भागायची, १ची ०.३१४ होते. तशीच १ ठेवली तर तिप्पट वेगाने वळाल आणि दोष उगाच स्वतःच्या हाताला द्याल.

खात्री करायची तर माउसपॅडवर पट्टी ठेवून पूर्ण गिरकी मोजा. नव्याने खेळणारी मुलं अशा मेसेजपायी महागडा माउस घ्यायला निघतात, याचं वाईट वाटतं. कृपया तो पुढे पाठवू नका, आणि ज्यांना आधीच पाठवलाय त्यांना हा खुलासा द्या.