आकडा तोच येतो, पण तो कशाचा?

सीमाभागातील भाषेच्या वादात शाळेचे माध्यम, दुकानांवरच्या पाट्या आणि सरकारी कागदपत्रे यांची चर्चा भरपूर होते. मुलाची बुद्धी कोणत्या भाषेत मोजली जाते, हा प्रश्न मात्र त्यात फारसा येत नाही. माझ्या मते तो पाट्यांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक निकडीचा आहे.

कर्नाटकातील खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा बुद्धिमत्ता चाचणीचा अहवाल बहिणीने मला इकडे वेल्समधल्या कार्डिफला पाठवला होता. मुलगा मराठी शाळेत तिसरीत, घरी-दारी मराठी, आणि कन्नडशी त्याची ओळख शाळेतल्या एका विषयापुरती. चाचणी कन्नडमधून झाली होती आणि अहवालात ठळक अक्षरांत एकच आकडा होता : बुद्ध्यांक ७२. काही महिन्यांनी दुसरीकडे, पुन्हा कन्नडमधूनच, चाचणी झाली, तेव्हाही जवळपास तेवढेच गुण आले आणि दोनदा तपासले म्हणजे बरोबरच असणार, असे घरच्यांनी धरून चालले.

इथेच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पुन्हा मोजले तरी तेच उत्तर येणे ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे ही वैधता. पहिलीवाचून दुसरी साधत नाही, पण पहिली असली म्हणजे दुसरी आपोआप येते असे मुळीच नाही. अशा चाचण्यांत आकडे ऐकून त्याच क्रमाने म्हणून दाखवायचे असतात. ‘मूरु, एंटु, आरु, ओंदु’ हे कानावर पडल्यावर मराठी मुलगा ते मनातल्या मनात तीन, आठ, सहा, एक असे करून घेतो आणि तेवढ्यात शेवटचा आकडा निसटतो. तो आज निसटेल, महिन्याने निसटेल, आणि दोन्ही वेळा गुण सारखेच कमी पडतील. म्हणजे मापन स्थिर आहे, पण ते स्मरणशक्तीचे नसून कन्नड अंकांच्या सरावाचे आहे.

शिवाय तो एकटा आकडा स्वतःही तितका पक्का नसतो. चाचणीची विश्वसनीयता ०.९० इतकी चांगली मानली (१ म्हणजे परिपूर्ण) आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवती गुण किती पसरतात याचे माप, १५ धरले, तर मापनाची प्रमाण त्रुटी, म्हणजे मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून साधारण किती ढळू शकतात तो आकडा, सुमारे ४.७ गुणांची निघते. त्या हिशेबाने ७२ या गुणांभोवती ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण ६३ ते ८१ असा पडतो. बौद्धिक अक्षमतेची प्रचलित मर्यादा ७० च्या आसपास असताना हा पट्टा अहवालात न छापणे मला अक्षम्य वाटते.

याचे अधिक वाईट वाटते, कारण आपल्याच भागात हे काम एकेकाळी नीट झाले होते. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या बुद्धिमत्ता चाचणीची मुंबई-कर्नाटक आवृत्ती धारवाडकडच्या मुलांसाठी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत तयार केली. बेळगाव-धारवाड तेव्हा मुंबई प्रांतात होते आणि मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत त्याला विचारावे, ही गोष्ट त्यांनी गृहीतच धरली होती. ती चाचणी आजही वापरली जाते, पण तिची मानके, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करून बुद्ध्यांक काढला जातो ते गुण, कित्येक दशकांपूर्वीची आहेत. पिढ्यांगणिक सरासरी गुण वाढत जातात, हे संशोधक जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवले. त्यामुळे जुन्या मानकांवर आजच्या मुलाचा बुद्ध्यांक फुगून येतो. परक्या भाषेमुळे गुण घटतात आणि जुन्या मानकांमुळे वाढतात. या दोन चुका एकमेकींना फेडतात असे कुणी समजू नये, कारण प्रत्येक मुलाच्या बाबतीत त्यांचे प्रमाण वेगळे असते.

वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्श बोलणारे १७.८ टक्केच आहेत. तरीही शाळांतील वाचनाचे मूल्यमापन वेल्श आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत उपलब्ध आहे आणि वेल्श माध्यमाच्या मुलांना सुरुवातीच्या इयत्तांत ते वेल्शमधूनच देता येते. इथे सारे सुरळीत आहे असे मात्र नाही : वेल्शमधील प्रमाणित मानसशास्त्रीय चाचण्या तुटपुंज्या आहेत आणि तशी तक्रार इथले शिक्षकही करतात. फरक एवढाच, की ही उणीव इथे भाषेच्या हक्काचा भाग म्हणून मांडली जाते. आपल्याकडे राज्यघटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल बोलते. त्याचा आधार घेणाऱ्यांनी चाचणीचा मुद्दाही मागणीपत्रात घालायला हवा.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि निकाल लागेल तेव्हा लागेल. तिसरीतले मूल तोवर थांबू शकत नाही. बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांनी मिळून खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या द्विभाषिक मुलांवर नवी मानके तयार करावीत, एका भाषेत विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दुसऱ्या भाषेत आले तरी ते ग्राह्य धरावे का याचे नियम ठरवावेत, आणि तोवर प्रत्येक अहवालावर चाचणीचे नाव, मानकांचे वर्ष, वापरलेली भाषा आणि त्रुटीचा पट्टा या चार गोष्टी लिहिणे बंधनकारक करावे. पालकांनीही अहवाल हातात घेताना या चार गोष्टी विचाराव्यात, मग अहवाल देणारा कन्नड असो वा मराठी.