नाही हो, ती 'केळीच्या सालीची' पिशवी गाईला चालत नाही

तो फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. "किचनच्या कचऱ्यापासून प्लास्टिक! 90 दिवसांत माती! गाईने खाल्लं तरी पचतं! अन्नाच्या नासाडीचा प्रश्न सुटला, पण प्लास्टिक लॉबी हे दाबून ठेवतेय, सर्वांना पाठवा." मी सोडून देणार होतो, पण आमच्या मावशीने तो वाचून 'केळीच्या सालीची' म्हणून मिळालेल्या तसल्याच एका पिशवीत भाजीची देठं भरून कोपऱ्यावरच्या गाईपुढे पिशवीसकट ठेवली, म्हणून आता लिहितोच.

तर आधी गाय. गाईच्या कोठीपोटात, म्हणजे चारा आधी जातो त्या मोठ्या पोटात, तापमान असतं साधारण 39 डिग्री. या पिशव्यांमध्ये बऱ्याचदा असतं ते पीएलए, म्हणजे मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेलं प्लास्टिक, आणि ते नीट कुजायला लागतं 58 डिग्रीच्या आसपास, तेही मोठ्या कंपोस्ट प्लांटच्या ढिगात, ओल आणि हवा सांभाळून, कित्येक आठवडे. गाईच्या पोटात यातलं काय आहे सांगा! पिशवीत मिसळलेली सालीची पूड पचेल एखादवेळेस, बाकीचा प्लास्टिकचा पापुद्रा आतच राहणार. आणि कोठीपोटात अडकलेलं प्लास्टिक पुढे सरकत नाही, साचत जातं, दोऱ्या-चिंध्यांबरोबर त्याचा गोळा होतो, मग जनावरांचे डॉक्टर पोटाची बाजू कापून ते किलोकिलोनी बाहेर काढतात, ते सुद्धा गाय कोणाच्या तरी मालकीची असेल आणि वेळेत आणली तर. पिशवीवर 'कंपोस्टेबल' लिहिलंय ना, असं मावशी म्हणते. अगं ती टेस्ट खताच्या ढिगाची आहे, जनावराच्या पोटाची नाही. साली द्यायच्या तर नुसत्या द्या ना, पिशवी कशाला चारायची?

आता "कचऱ्यापासून प्लास्टिक". साल ही यात फिलर असते, म्हणजे भर. वाळवायची, दळायची, चाळायची आणि वितळलेल्या पीएलए किंवा पीबीएटीमध्ये (हेही एक कुजणारं प्लास्टिक) मिसळायची, साधारण 10 ते 30 टक्के. फार टाकली की पिशवी ठिसूळ होते कारण सालीची पूड पाणी ओढते आणि प्लास्टिक पाण्याला लांब ठेवतं, दोघांची पकड बसत नाही, पुडीत ओल राहिली तर मशीनच्या उष्णतेत पीएलए स्वतःच तुटायला लागतं, आणि 200 डिग्रीच्या वर गेलं की पूड करपते. शिऱ्यात केळं घातलं म्हणून रव्याचं केळं होत नाही. हीच पूड साध्या पॉलिथिनमध्ये घातली तर अजूनच वाईट, पूड कुजून जाते आणि प्लास्टिकचे बारीक तुकडे मागे राहतात. युरोपात 'बांबूचे कप' म्हणून जे विकले जायचे त्यातले बरेच मेलामाइनचे, म्हणजे एका कडक प्लास्टिकचे निघाले, बांबूची नुसती पूड, आणि गरम कॉफी ओतली की फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन बाहेर येतं असं जर्मनीच्या सरकारी संस्थेने 2020 मध्ये सांगितलं.

एक मान्य करतो, नाइलाजाने. चांगल्या कुजणाऱ्या प्लास्टिकमध्ये अशी भर घातली तर पाण्याला आत शिरायला वाट मिळते, ढिगात ते जरा लवकर कुजतं, आणि महागडं पीएलए कमी लागतं. संशोधन खोटं नाहीये, फॉरवर्ड खोटा आहे.

"90 दिवसांत माती" वाल्यांनी ब्रिटनमधल्या प्लिमथ युनिव्हर्सिटीचा 2019 चा अभ्यास बघावा. नॅपर आणि थॉम्पसन यांनी दुकानात मिळणाऱ्या पिशव्या तीन वर्षं उघड्यावर, जमिनीत पुरून आणि समुद्रात ठेवल्या. 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनसुद्धा सामान उचलू शकत होती! कंपोस्टेबलवाली समुद्रातून तीन महिन्यांत गायब झाली, हेही खरं, पण तीच मातीत 27 महिन्यांनंतरही होती, फक्त वजन पेलत नव्हती. आणि आपल्याकडे पिशवी कुठे जाते? नाल्यात नाहीतर डंपिंगवर. गच्चीतल्या खताच्या बादलीत टाकलीत तरी तिथे 58 डिग्री टिकत नाही, गांडूळखतात तर मुळीच नाही.

नासाडीचा प्रश्न सुटला म्हणे. युनोच्या पर्यावरण संस्थेच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं. 2023 मध्ये सगळ्या बायोप्लास्टिकची, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या किंवा कुजणाऱ्या प्लास्टिकची, जगभरची उत्पादन क्षमता मिळून 22 लाख टनांच्या आसपास. त्यात 30 टक्के भर घातली तरी 7 लाख टन कोरडी पूड, ओल्या कचऱ्यात चौपट धरा, वाया गेलेल्या हजार टनांतले तीन टनसुद्धा उचलले जात नाहीत. शिवाय कारखान्याला एकाच प्रकारचा स्वच्छ माल लागतो, वेफर्सवाल्याकडच्या साली, राईस मिलचा तूस असा. तुमच्या डब्यातलं आमटी, चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं एकत्र झालेलं प्रकरण त्यांच्या काही कामाचं नाही, त्याचं खत करा नाहीतर बायोगॅसला द्या.

राहिली लॉबी. डिसेंबर 2022 च्या शेवटापासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगला किमान 120 मायक्रॉन जाडीची अट आहे, कंपोस्टेबल पिशवीला ती अट केंद्राच्या नियमांत नाही, विकणाऱ्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट मात्र घ्यायचं. दाबूनच ठेवायचं असतं तर ही सूट कशाला दिली असती?