रुपया नव्वदीत गेला, आता आपण काय करावं?

डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला डॉलरने ९० रुपयांचा टप्पा ओलांडला आणि "आपण कुठे डॉलर देऊन भाजी घेतो?" असं विचारणाऱ्या जाणकारांना ऊत आला. लग्नाच्या पंगतीत तेच, सोसायटीच्या ग्रुपवर तेच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्याकडून शिका. पुढच्या सूचना नीट पाळल्यात तर रुपयाने शंभरी गाठली तरी तुमचा रक्तदाब वाढणार नाही.

सर्वात आधी, रुपया पडला असं म्हणणं सोडा. रुपया घसरत नाही, डॉलर मजबूत होतोय, हे अर्थमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२२मध्येच सांगून ठेवलंय. २०२५मध्ये तो मजबूत डॉलर युरोपुढे सपाटून आपटला आणि आपला रुपया त्या आपटलेल्या डॉलरच्याही मागे राहिला. हे मात्र कुणाला विचारत बसू नका, लोक नाराज होतात.

सोनं बघून घ्या. बघण्यावर अजून कर नाही.

चिरंजीव अमेरिकेत एमएस करत असतील तर डॉलर ८५वरून ९०ला गेला म्हणून ४०,००० डॉलर फीमागे दोन लाख रुपये जास्त भरा आणि पेढे वाटा.

परदेशी साइटवर कार्ड वापरताना बँकेचं साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के, हसतमुखाने द्या.

पेट्रोल भरताना पंपाच्या आकड्याकडे पाहू नका. २०२५मध्ये कच्चं तेल डॉलरमध्ये उतरलं होतं, पण एप्रिलमध्ये केंद्राने उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवलं आणि पंपावरचा भाव होता तिथेच राहिला. स्वस्ताई आली होती हो, वाटेतच उतरली.

आता फोडणी. खाद्यतेल निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोया अर्जेंटिना-ब्राझीलमधून. कच्चं सोया तेल टनाला १,१०० डॉलर धरा. डॉलर ८५ला असताना किलोचे साडेत्र्याण्णव रुपये, ९०ला नव्याण्णव. झाले साडेपाच रुपये. त्यावर उपकरांसह साडेसोळा टक्के आयात शुल्क, आणि तेही रुपयातल्या किमतीवर, म्हणजे रुपया पडला की सरकारचा वाटा आपोआप फुगतो. वर पाच टक्के जीएसटी. जागतिक बाजारात तेलाचा भाव एक सेंटही न हलता तुमची लिटरची पिशवी सहा रुपयांनी महाग झाली. भाजी डॉलर देऊन घेत नसाल, पण ती ज्यात परतता ते डॉलरनेच येतं!

बरं, पिशवी तरी लिटरची आहे का? लिटरभर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. आता पिशवी तेवढीच उंच, तेवढीच गुटगुटीत, आणि कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात ८५० ग्रॅम. भाव तोच ठेवला म्हणून आपण खूश.

मग एवढ्या महागाईत निदान सोयाबीनवाल्याचं तरी भलं झालं असेल? आयात महागली की इथल्या मालाला भाव यावा, असा साधा हिशोब. पण मे २०२५च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ (उपकर सोडून) आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं, आणि दिवाळीच्या सुमारास लातूरकडे सोयाबीन क्विंटलला ५,३२८ रुपयांच्या हमीभावाखाली विकलं गेलं. कापसाचं तेच. ऑगस्टमध्ये अकरा टक्के आयात शुल्क शून्य केलं, ऐन वेचणीच्या तोंडावर. पिकवणारा मेला, खाणारा मेला आणि मधल्या प्रत्येकाकडे रुपयाचं कारण तयार!

आता उपरोध पुरे. तुम्हीही कमी नाही. एकावर एक फ्री दिसलं की धावता, पण पाकीट उलटं करून वजन वाचत नाही. पाकिटावर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला काय भाव पडतो ते छापणं बंधनकारक आहे, एमआरपीच्या जवळच असतं. ते वाचा. दोन पिशव्यांची तुलना त्या आकड्यावर करा, पिशवीच्या उंचीवर नाही. आणि तेल उतरल्याची बातमी आल्यावर दुकानदार किंवा वितरक "जुना माल आहे" म्हणाला, तर भाव चढला त्या सकाळी नवा माल कुठल्या गाडीने आला होता, ते तिथंच उभं राहून विचारा.